रग्बी लीगचा सामना संपल्यावर: सेटच्या वहीतून डावपेच कसे वाचायचे

सामना संपल्यावरचा पहिला अर्धा तास एकाच प्रश्नात जातो: तो शेवटचा ट्राय (समोरच्यांनी आपल्या ट्राय लाइनपलीकडे चेंडू टेकवून मिळवलेले गुण) कुणामुळे गेला? कुणी विंगरला, म्हणजे कडेच्या खेळाडूला, धारेवर धरतो, कुणी रेफरीला. पण रग्बी लीगमध्ये ट्रायची सुरुवात बरेचदा दोन-तीन सेट आधी झालेली असते, मैदानाच्या मध्यावर, कुणाच्या लक्षातही न राहिलेल्या एखाद्या टॅकलपाशी. ती जागा कशी शोधायची, याची पद्धत इथे दिली आहे.

साहित्य थोडंच लागतं. एक जाड वही, दोन रंगांची पेनं, मोबाइलचं स्टॉपवॉच आणि थांबवून मागे नेता येईल असं पूर्ण सामन्याचं रेकॉर्डिंग. हायलाइट्सवर हे काम होत नाही, कारण हायलाइट्समध्ये नेमका परिणाम दिसतो आणि कारण कापलेलं असतं. वेळ मात्र काढावा लागतो. ८० मिनिटांच्या सामन्याला सुरुवातीला चार ते पाच तास धरा, हात बसला की अडीच-तीन तासांत होतं. आपला संघ हरला असेल तर त्याच रात्री बसू नका. रागात माणूस आधी आरोपी ठरवतो आणि मग पुरावे गोळा करतो.

आधी नियमातली एक गोष्ट

भारतात रग्बी म्हणून जे पाहायला मिळतं ते बहुतेक युनियन (पंधरा-पंधरा जणांची रग्बी) किंवा सेव्हन्स (सात-सात जणांची). लीग हा वेगळा खेळ आहे. प्रत्येक बाजूला १३ खेळाडू. चेंडू असलेल्या संघाला ६ टॅकल मिळतात, त्या सगळ्यांना मिळून एक सेट म्हणायचं. टॅकल झालेला खेळाडू उठतो, चेंडू जमिनीवर ठेवून पायाने मागे सारतो, त्याला प्ले-द-बॉल म्हणतात. मागे उभा असलेला डमी हाफ तो उचलतो. समोर फार तर दोन मार्कर उभे राहतात, बाकी बचावाला १० मीटर मागे जावं लागतं. सहाव्या टॅकलला चेंडू समोरच्यांना द्यावा लागतो, म्हणून पाचवी टॅकल झाली की सहसा किक येते. ट्रायचे ४ गुण, कन्व्हर्जनचे (ट्रायनंतरच्या किकचे) २, पेनल्टी गोलचेही २.

सेव्हन्स पाहणाऱ्याची फसगत होते ती गुण झाल्यानंतरच्या किक-ऑफला. सेव्हन्समध्ये गुण मिळवणारा संघ किक-ऑफ करतो. लीगमध्ये उलट आहे: ज्याच्यावर ट्राय झाला तोच किक मारतो, म्हणजे ट्राय करणाऱ्याच्या हातात चेंडू पुन्हा येतो. आत्ताच पाच-सहा टॅकल करून दमलेला बचाव लगेच पुढचा सेट अडवायला उभा राहतो. म्हणूनच लीगमध्ये गुण झुंडीने येतात. चार-पाच मिनिटांत दोन ट्राय गेले की ‘संघ कोसळला’ असं म्हटलं जातं, पण वही पाहिली तर त्या संघाच्या हाती त्या वेळात चेंडू जेमतेम एकदा आलेला असतो. तेव्हा वहीच्या पहिल्या पानावर सगळे गुण मिनिटांसह लिहा आणि ८-१० मिनिटांच्या आत आलेल्या गुणांभोवती एकच वर्तुळ काढा. तपास प्रत्येक ट्रायचा वेगळा करायचा नाही, प्रत्येक वर्तुळाचा करायचा. वर्तुळातला पहिला ट्राय ज्या सेटमधून निघाला, तो आणि त्याच्या आधीचे दोन सेट हे तुमचं खरं कामाचं ठिकाण.

वही कशी आखायची

डाव्या पानावर आपल्या संघाचे सेट, उजव्या पानावर समोरच्यांचे, म्हणजे दोन्हींचा क्रम समोरासमोर राहतो. एका संघाचे सामन्यात साधारण ३५ ते ४५ सेट होतात. एका पानावर दहा सेट ठेवले तर चार-पाच जोडपानं पुरतात. प्रत्येक सेटची एकच ओळ. रकाने असे: क्रमांक, घड्याळ, सेट कुठून सुरू झाला, चेंडू कसा मिळाला, प्रत्येक प्ले-द-बॉल जलद की मंद, पाचवी टॅकल कुठे झाली, शेवट कसा झाला.

एक ओळ अशी दिसेल:

१४ / ३१:२० / स्व १२ / किक पकडून / म म ठ म ठ / स्व ४१ / उंच किक, पकडली, समोरचा २८ वर अडवला

‘स्व १२’ म्हणजे स्वतःच्या ट्राय लाइनपासून १२ मीटर, ‘प ३०’ म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या लाइनपासून ३० मीटर. ‘म’ म्हणजे मंद, ‘ठ’ म्हणजे ठीक, ‘ज’ म्हणजे जलद; हे वर्ग पुढे येतात. मैदानावर दर १० मीटरला रेषा आणि आकडे रंगवलेले असतात, त्यामुळे दोन-तीन मीटरच्या फरकाने जागा सांगता येते. त्याहून जास्त अचूकतेच्या मागे लागू नका. सेट मध्येच सुटला तर त्या जागी ‘चूक’ लिहून कारण एका शब्दात लिहा: हातातून सुटला, पास पुढे गेला, टॅकलमध्ये हिसकावला. पेनल्टी किंवा सेट रीस्टार्ट मिळाला की त्याच ओळीत लाल टिंब द्या. सेट रीस्टार्टमध्ये टॅकलची मोजणी शून्यापासून पुन्हा सुरू होते, पण खेळ थांबत नाही आणि पडद्यावर ते क्षणभरच दिसतं. नवशिक्यांच्या वहीतली सर्वात जास्त गळती इथेच होते: सहाऐवजी नऊ टॅकल मोजल्या जातात आणि पुढची सगळी ओळ विस्कटते.

पहिल्या फेरीत फक्त हे रकाने भरायचे. कोण कुठे चुकला हे अजिबात लिहायचं नाही.

भरून झाल्यावर ‘पाचवी टॅकल कुठे’ हा रकाना वरून खाली वाचा. सामन्याचं अर्धं गुपित तिथेच असतं. हिशेब सोपा आहे. एक संघ स्वतःच्या १० मीटरवरून निघाला आणि प्रत्येक धावेला सरासरी ९ मीटर मिळाले, तर पाच धावांत तो ५५ मीटरवर पोहोचतो. तिथून ३५-४० मीटरची किक समोरच्यांच्या ट्राय लाइनजवळ पडते आणि त्यांना १० ते १५ मीटरवरून सुरुवात करावी लागते. आता धावेमागे ९ ऐवजी ७ मीटर मिळाले असं धरा. पाच धावांत ४५ वरच थांबावं लागतं. तेवढ्याच लांबीची किक आता १५-२० मीटर आधी नाही, तरी दहा मीटर आधी नक्की पडते. पाठलागाची रांग अजून पोहोचलेली नसल्याने पकडणारा आणखी पाच-सात मीटर पळतो आणि समोरचा संघ २५ च्या आसपास सेट सुरू करतो. त्याच्या पाच धावा झाल्या की तो तुमच्या ३० मीटरमध्ये उभा असतो. धावेमागे २ मीटरची घट प्रेक्षकाला दिसतसुद्धा नाही. तीन-चार सेटमध्ये ती अशी साचते की संघ स्वतःच्या ट्राय लाइनवर खिळून राहतो. मग कॉर्नरला ट्राय होतो आणि शिव्या विंगरला बसतात.

प्ले-द-बॉलचं घड्याळ

आता दुसरी फेरी, वर्तुळाआधीच्या सेटपुरती. धावणारा पूर्ण थांबवला गेला की स्टॉपवॉच सुरू करा, पायाने चेंडू मागे सरकला की बंद करा. घरच्या स्टॉपवॉचवर अर्ध्या सेकंदाची चूक होणारच, म्हणून आकडे न लिहिता तीनच वर्ग ठेवा: ३ सेकंदांच्या आत ‘ज’, ३ ते ४ ‘ठ’, ४ च्या पुढे ‘म’. हे हद्दीचे आकडे आपल्या सोयीचे आहेत. ते थोडे बदलले तरी चालेल, पण एकाच सामन्यात बदलू नका.

हे इतकं महत्त्वाचं का? बचावाला प्रत्येक टॅकलनंतर १० मीटर मागे जाऊन रांग लावायची असते. प्ले-द-बॉल जलद झाला तर मागे पळणारे बचावपटू वळण्याआधीच चेंडू निघतो. मार्कर अजून सरळ उभे नसतात. रकच्या, म्हणजे प्ले-द-बॉलच्या जागेच्या, शेजारचा पहिला बचावपटू, ज्याला ‘ए डिफेंडर’ म्हणतात, आणि त्याच्या बाजूचा ‘बी’ दोघेही टाचांवर असतात. डमी हाफने तिथूनच धाव घेतली तरी आठ-दहा मीटर मिळतात. कबड्डी पाहत वाढलेल्या माणसाला हे पटकन समजेल. चढाई करणाऱ्याचा नुसता पाय धरून भागत नाही, बाकीची साखळी येऊन बसेपर्यंत त्याला दाबून ठेवावं लागतं. इथेही तेच: पहिला बचावपटू चेंडूच्या उंचीवर धरतो, दुसरा पाय किंवा कंबर, तिसरा वरून वजन टाकतो. तिघे आले, धावणारा पाठीवर पडला, तर तो उठून चेंडू ठेवेपर्यंत रांग तयार असते. एकट्याने पायावर केलेली टॅकल दिसायला सुंदर असते, पण धावणारा पोटावर पडतो आणि चटकन उठतो.

म्हणून ‘ज’ दिसला की मागे जाऊन तीन गोष्टी पाहा. टॅकलमध्ये किती जण होते? धावणारा पोटावर पडला की पाठीवर? आणि त्याने धडकेच्या क्षणी पाय चालू ठेवले होते का? एका सेटमध्ये ओळीने दोन ‘ज’ आले की तिसऱ्या टॅकलला बचाव बहुतेक तुटका असतो. तिथे खूण करा. पुढे लाइन ब्रेक (बचावाची रांग फोडून पलीकडे जाणं) झालेला असो वा नसो, धोका तयार झाला होता.

चित्र कुठे थांबवायचं

खरा अभ्यास तिसऱ्या फेरीत, आणि इथे घाई करू नका. बहुतेक जण चित्र थांबवतात ते टॅकल सुटते तेव्हा. तोपर्यंत सगळं घडून गेलेलं असतं. डमी हाफकडून आलेला चेंडू पहिल्या घेणाऱ्याच्या, म्हणजे सहसा हाफबॅकच्या (हल्ल्याचे डाव रचणाऱ्याच्या), हातातून निघतो त्या क्षणी थांबवा. मग चेंडूच्या बाहेरच्या बाजूचे हल्लेखोर मोजा आणि त्यांच्यासमोरचे बचावपटू मोजा.

बचावाची गणितं ठरलेली असतात. १३ पैकी दोन मार्कर, एक फुलबॅक मागे. उरले १०. किकच्या भीतीने विंगर मागे सरकले तर पुढच्या रांगेत ८ किंवा ९ राहतात. ६८ मीटर रुंदीचं मैदान ८ जणांत वाटलं तर प्रत्येकाच्या वाट्याला साडेआठ मीटर येतात. तेव्हा कुठेतरी जागा राहणारच, प्रश्न एवढाच की ती कुठे ठेवायची हे बचाव ठरवतो की हल्ला.

उदाहरण म्हणून ‘ब्लॉक’ हा रोजचा डाव घ्या. हाफबॅक चेंडू घेऊन लाइनकडे येतो. एक सेकंड रोअर (कडेच्या बाजूने धावणारा जड खेळाडू) त्याच्या बाहेरून सरळ बचावात घुसतो. त्याच्या पाठीमागून फुलबॅक वळण घेऊन येतो, बाहेर सेंटर आणि विंगर. चेंडू पुढच्या धावणाऱ्याला द्यायचा की मागच्या फुलबॅकला, हे हाफबॅक शेवटच्या क्षणी ठरवतो. बचावाच्या बाजूला चौघे: आतून तिसरा माणूस, सेकंड रोअर, सेंटर, विंगर. थांबवलेल्या चित्रात त्यांचे खांदे आणि कंबर पाहा. आतल्या माणसाने हाफबॅकला धरलं आणि प्रत्येकाने समोरचा माणूस घेतला, तर गणित जुळतं. आतला माणूस मागच्या टॅकलमधून उशिरा आला असेल तर सेकंड रोअरला हाफबॅककडे वळावं लागतं, त्याच्या जागी सेंटर आत येतो, मग विंगरसमोर दोन जण. विंगरने आत धाव घेतली तरी ट्राय, बाहेर थांबला तरी ट्राय. पडद्यावर मात्र विंगरच उघडा पडलेला दिसतो. माझ्या मते हीच चाहत्यांच्या चर्चेतली सर्वात मोठी अन्यायाची जागा आहे. नियम असा ठेवा: ज्याच्यावरून ट्राय गेला त्याच्या आत किमान दोन माणसं मोजा, आणि पहिला आत वळलेला खांदा कुणाचा ते शोधा. मग तो का वळला हे मागच्या प्ले-द-बॉलच्या रकान्यात पाहा. तिथे ‘ज’ असेल तर धागा जुळला.

विंगर किंवा सेंटर झेप घेऊन आत येताना दिसला तर ती चूकच आहे असंही समजू नका. काही संघ मुद्दाम असा ‘जॅम’ करतात, चेंडू बाहेर जाण्याआधीच पासवाल्याला गाठायला. काही संघ ‘स्लाइड’ करतात, म्हणजे आतून बाहेर सरकत साइडलाइनलाच बचावपटू मानतात. संघाची पद्धत कोणती हे एका ट्रायवरून ठरवता येत नाही. जिथे ट्राय झाला नाही असे त्याच बाजूचे चार-पाच बचाव पाहा. एरवी स्लाइड करणारा सेंटर त्या एकाच वेळी जॅमला गेला असेल तर तो त्याचा निर्णय. दर वेळी जात असेल तर ती प्रशिक्षकाची योजना, आणि टीका करायचीच तर योजनेवर करा.

टीव्हीच्या कॅमेऱ्याची मर्यादा इथे आडवी येते. फुलबॅक आणि लांबचा विंगर बरेचदा चौकटीबाहेर असतात. दिसत नाही तिथे ‘?’ लिहा, अंदाजाने माणूस बसवू नका. ट्राय लाइनच्या मागून दाखवलेल्या रीप्लेमध्ये रांग आडवी पूर्ण दिसते, तो पाहून प्रश्नचिन्हं भरता येतात.

किक, बेंच आणि आकडेवारी

किकच्या रकान्यात लांबीपेक्षा पुढे काय झालं हे मोलाचं. समोरच्याचा सेट कुठून सुरू झाला तेवढंच लिहा. चेंडू इन-गोलमधून (ट्राय लाइनमागच्या पट्ट्यातून) थेट बाहेर गेला तर समोरच्यांना २० मीटरवरून ७ टॅकलचा सेट मिळतो, तो वहीत ठळक दिसला पाहिजे. स्वतःच्या ४० मीटरच्या आतून मारलेली किक टप्पा खाऊन समोरच्यांच्या २० मीटरच्या आत साइडलाइनबाहेर गेली तर ती ४०/२०, आणि चेंडू पुन्हा मारणाऱ्याच्याच संघाला. याउलट समोरच्याला त्याच्याच इन-गोलमध्ये अडकवलं तर त्याला गोल-लाइन ड्रॉप-आउट मारावा लागतो, म्हणजे तुम्हाला लगेच आणखी एक सेट. सलग दोन ड्रॉप-आउट मिळवणारी किक ट्रायइतकीच धरावी.

बेंचसाठी वहीच्या तळाशी ० ते ८० ची एक आडवी रेघ काढा आणि प्रत्येक बदल त्यावर मांडा. मधल्या फळीचे प्रॉप (धडका घेणारे जड खेळाडू) साधारण २० ते ३० मिनिटांनी बाहेर जातात. ते गेल्यावर ‘म’ वाढले की कमी झाले, एवढंच तपासायचं.

अधिकृत आकडेवारी शेवटी पाहा, आधी पाहिली तर नजर दूषित होते. टॅकलची मोठी संख्या हे शौर्य वाटतं, पण बहुतेक वेळा चेंडू हाती नसल्याची ती खूण असते. सेट पूर्ण करण्याचं प्रमाण ८० टक्क्यांच्या वर असूनही संघ हरतो, कारण जोखीमच न घेता पाच धावा आणि एक किक एवढंच केलं तरी सेट ‘पूर्ण’ मोजला जातो. चुकलेल्या टॅकलचा आकडाही एकटा वाचू नका. पहिला सुटला आणि दुसऱ्याने दोन मीटरवर धरलं, तरी नोंद तीच आणि ट्राय गेला तरी नोंद तीच.

२०२३ च्या अंतिम सामन्यावर हात बसवा

सरावाला उत्तम सामना म्हणजे १ ऑक्टोबर २०२३ चा एनआरएलचा (ऑस्ट्रेलियातल्या व्यावसायिक रग्बी लीग स्पर्धेचा) अंतिम सामना, सिडनीच्या अकॉर स्टेडियमवरचा, पेनरिथ पँथर्स विरुद्ध ब्रिस्बेन ब्रॉन्कोस. मध्यंतराला पेनरिथ ८-६ ने पुढे. दुसऱ्या हाफमध्ये एझ्रा मॅमने दहा मिनिटांच्या आत तीन ट्राय केले आणि धावफलक ब्रिस्बेनच्या बाजूने २४-८ झाला. मग मोझेस लिओटा, स्टीफन क्रायटन आणि शेवटी नेथन क्लिअरी यांचे ट्राय, आणि पेनरिथ २६-२४ ने जिंकून सलग तिसऱ्यांदा विजेता. क्लिअरीला क्लाइव्ह चर्चिल पदक (अंतिम सामन्यातल्या सर्वोत्तम खेळाडूचं) मिळालं आणि ते योग्यच होतं.

संपूर्ण सामना भरायचा नसेल तर ४० ते ८० मिनिटंच घ्या. या हाफमध्ये दोनच वर्तुळं निघतात: मॅमचं आणि पेनरिथच्या पुनरागमनाचं. पहिल्या वर्तुळात मॅमच्या दर ट्रायनंतर किक-ऑफ पेनरिथनेच मारला आहे. त्या दहा मिनिटांत पेनरिथने किती टॅकल केल्या आणि किती धावा घेतल्या, हे दोन आकडे शेजारी मांडा. मग ‘पेनरिथने मान टाकली होती’ हे विधान तपासून पाहा.

दुसऱ्या वर्तुळात आधी क्लिअरीची ४०/२० शोधा. क्रायटनचा ट्राय तिच्या मागोमाग येतो. ती किक नसती तर तो सेट ब्रिस्बेनच्या हातात चेंडू देऊन संपला असता. त्याऐवजी पेनरिथला समोरच्यांच्या २० मीटरजवळ नवा सेट मिळाला. उजव्या पानावरची एक पूर्ण ओळच गळून पडते. तिसरी नोंद पेनरिथच्याच जरोम लुआईची. खांद्याच्या दुखापतीने तो बाहेर गेला आणि जॅक कॉगर आला. त्या मिनिटावर वहीत आडवी रेघ मारा आणि रेघेच्या वर-खाली क्लिअरी पहिला घेणारा म्हणून किती वेळा, कोणत्या बाजूला येतो ते मोजा. शेवटच्या ट्रायपाशी पुन्हा तोच नियम: चेंडू त्याच्या हातात येतो तिथे थांबवा, समोरच्या बचावपटूंचे खांदे पाहा, मग आधीचे दोन प्ले-द-बॉल ज, ठ की म ते लिहा.

चर्चेला बसताना

सिडनीच्या पश्चिम उपनगरांत राहणारी मराठी मंडळी पॅरामॅटा आणि पेनरिथ यांच्यामधल्या पट्ट्यात लीगच्या ऐन मुलखात आहेत. तिथे शनिवार-रविवारच्या सामन्यानंतर असे गट सहज जमू शकतात. दोघांनी मिळून करायचं असेल तर एकाच पडद्यासमोर बसून भरू नका, एकाचा शब्द दुसऱ्याच्या वहीत उतरतो. तेच दहा सेट वेगवेगळे भरा आणि मग ओळीला ओळ लावून पाहा. जागेत ५ मीटरपर्यंतचा फरक सोडून द्या. ज-ठ-म मध्ये पाचांतला एखादा फरक असेल तरी हरकत नाही. त्याहून जास्त असेल तर दोघं स्टॉपवॉच वेगळ्या क्षणी सुरू करता आहात. एक जण पहिल्या स्पर्शाला सुरू करतो आणि दुसरा धावणारा थांबल्यावर, हे जवळजवळ ठरलेलंच. ते एकदा ठरवून घ्या आणि तेच दहा सेट पुन्हा भरा.

मुद्दा मांडताना एकच दावा करा आणि त्याला दोन जागा द्या, घड्याळासह: ‘आपली डावी बाजू आत वळते, ४७:१० आणि ५३:४०’. सोबत तिसरी जागाही स्वतःच सांगा, जिथे हा दावा लागू पडत नाही. ती सापडली नाही तर आणखी एक सेट मागे जाऊन पाहा, बहुतेक वेळा सापडते. रेफरीबद्दल वाद निघालाच तर लाल टिंबं मोजा, पण दोन्ही पानांवरची, आणि प्रत्येक टिंबानंतरच्या तीन मिनिटांत गुण झाले का तेही शेजारी लिहा.